आईवडिलांच्या जागी कोण? एकट्या आलेल्या मुलांच्या पालकत्वाचा मागोवा

1944 साली ब्रिटिश संसदेनं एक छोटा कायदा केला. परदेशातून आईवडिलांशिवाय आलेल्या निर्वासित मुलांसाठी पालक नेमण्याचा अधिकार त्यानं गृहमंत्र्यांना दिला, आणि त्याखाली लॉर्ड गॉरेल हे काही हजार मुलांचे कायदेशीर पालक झाले. एकवीस वर्षांची न झालेली ही मुलं नाझी राजवटीतून सुटून आली होती. त्यांना येऊन तोवर पाच-सहा वर्षं लोटली होती. या काळात त्यांना घर मिळालं, शाळा मिळाली, काहींना माया करणारी माणसंही मिळाली. पण कायद्याच्या लेखी त्यांच्या आईवडिलांच्या जागी कोणीच नव्हतं. आईवडील जिवंत आहेत की नाहीत, हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना त्यांचे हक्क दुसऱ्या कोणाला देणंही सोपं नव्हतं.

ही कोंडी आपल्याकडे चटकन समजेल. सातबाऱ्यावर वारस अज्ञान असला की त्याच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून आईचं किंवा काकाचं नाव येतं. जमिनीच्या तुकड्यासाठीसुद्धा मुलाच्या वतीनं सही करणारं कोणीतरी नावानिशी हजर असावं लागतं. मग जे मूल देश ओलांडून एकटं आलंय, त्याच्या वतीनं सही कोण करणार? शस्त्रक्रियेला होकार कोण देणार, शाळा कोण ठरवणार, अधिकाऱ्यासमोर त्याच्या शेजारी कोण बसणार? या प्रश्नाला ब्रिटननं गेल्या नव्वदेक वर्षांत वेगवेगळी उत्तरं दिली. त्यांचा माग काढताना एक गोष्ट वारंवार जाणवते. मुलासाठी दार उघडणं त्या देशाला अनेकदा जमलं, पण त्याची जबाबदारी कोणाच्या शिरावर, हे ठरवणं दर वेळी पुढे ढकललं गेलं.

सुरुवात 1937 च्या मे महिन्यापासून करता येईल. 26 एप्रिलला स्पेनच्या यादवी युद्धात गेर्निकावर बॉम्ब पडले आणि बास्क प्रांतातून मुलं बाहेर काढण्याची धावपळ सुरू झाली. ‘हबाना’ नावाच्या जहाजातून जवळपास चार हजार मुलं, सोबत काही शिक्षिका, मदतनीस बायका आणि धर्मगुरू असा जथा 23 मे रोजी साउदॅम्प्टनला उतरला. बाल्डविन सरकारनं परवानगी दिली होती, पण सरकारी तिजोरीतून एक पेनीही मिळणार नाही, अशी अट घालून. दर मुलामागे आठवड्याला दहा शिलिंगांची हमी बास्क मुलांसाठी स्थापन झालेल्या समितीनं द्यायची होती. ईस्टलीजवळ नॉर्थ स्टोनहॅमच्या शेतांत तंबू ठोकले गेले. पुढे कामगार संघटना, कॅथलिक चर्च, साल्व्हेशन आर्मी आणि गावोगावच्या साध्या माणसांनी ही मुलं वाटून घेतली. मोठ्या घरांत वीस-तीस मुलांच्या वसाहती थाटल्या गेल्या. लोकांनी जे केलं ते मनापासून केलं. पण सरकारच्या दृष्टीनं ही मुलं पाहुणी होती, आणि पाहुण्यांनी शक्य तितक्या लवकर परतावं, ही अपेक्षा पहिल्या दिवसापासून होती. बहुतेक मुलं दुसरं महायुद्ध पेटायच्या सुमारास परत गेली, काहीशे मात्र कायमची राहिली.

दीड वर्षानं हाच साचा कितीतरी मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. 9 नोव्हेंबर 1938 च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रियात ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली, दुकानं फोडली गेली. ज्यू आणि क्वेकर मंडळी चेंबरलेन सरकारकडे गेली. 21 नोव्हेंबरला गृहमंत्री सर सॅम्युअल होर यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये सांगितलं की, सतरा वर्षांखालच्या मुलांना येऊ दिलं जाईल. व्हिसाची कटकट कमी केली गेली आणि 2 डिसेंबरला पहिली सुमारे दोनशे मुलं हार्विच बंदरात उतरली. त्यांतली बरीचशी बर्लिनच्या एका अनाथाश्रमातली होती. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं आली. इतिहासात ही मोहीम ‘किंडरट्रान्सपोर्ट’ म्हणून ओळखली जाते. मुलांच्या गळ्यात नंबराचं कार्ड, हातात एक पेटी आणि खिशात फार तर दहा मार्क, एवढंच घेऊन निघायची मुभा होती.

आईवडिलांना व्हिसा नव्हता. हे वाक्य मी वाचतो तेव्हा दर वेळी तिथेच थांबतो. मुलं एकटी आली ती आईवडिलांना सोडून पळाली म्हणून नव्हे. दारातून फक्त मुलांनाच आत घ्यायचं, असा नियम होता म्हणून ती एकटी आली. बेकारीच्या काळात मोठी माणसं आली तर नोकऱ्या हिरावतील, ही भीती त्यामागे होती. स्टेशनावर हात सोडवून घेणाऱ्या बऱ्याच आईवडिलांची आपल्या मुलांशी पुन्हा गाठ पडली नाही. अमेरिकेत तर तेवढंही घडलं नाही. 1939 मध्ये वीस हजार जर्मन मुलांना घेण्याचं विधेयक वॅग्नर आणि रॉजर्स या लोकप्रतिनिधींनी मांडलं, पण ते मतदानापर्यंत पोहोचलंच नाही.

ब्रिटनमध्ये आलेल्या मुलांचा खर्च पुन्हा समित्या आणि देणग्यांवर पडला. 1939 मध्ये दर मुलामागे 50 पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. मुलगा पुढे दुसऱ्या देशात जाईल आणि त्या प्रवासाची ही तरतूद, असा त्यामागचा हिशेब होता. ज्यांची घरं आधीच ठरली होती ती मुलं लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावर आपल्या नव्या घरच्यांना भेटली. बाकीची हार्विचजवळ डोव्हरकोर्ट इथल्या उन्हाळी सहलींच्या छावणीत, कडाक्याच्या थंडीत राहिली. रविवारी कुटुंबं यायची, जेवणाच्या हॉलमध्ये फेरी मारायची आणि मूल निवडायची. लहान, गोऱ्या, नाकीडोळी नीटस मुली लवकर जायच्या. तेरा-चौदा वर्षांचे मुलगे आठवडेच्या आठवडे तिथेच बसून राहायचे. त्यांतल्या अनेकांनी म्हातारपणी त्या रविवारांबद्दल बोलताना गुरांच्या बाजाराची आठवण काढली आहे. आज एकटं येणारं मूल बहुधा सोळा-सतरा वर्षांचा मुलगाच असतो, आणि त्याच्याकडे बघण्याची नजर अजूनही फारशी बदललेली नाही, असं मला वाटतं.

वयाचा काच त्याच मुलांना लवकरच कळला. 1940 च्या उन्हाळ्यात जर्मनीच्या आक्रमणाची भीती वाढली आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून सोळा वर्षांवरच्या जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुषांची धरपकड सुरू झाली. किंडरट्रान्सपोर्टनं आलेली सुमारे हजार मुलं त्यात सापडली. काहींना आइल ऑफ मॅनवर ठेवलं, काहींना ‘डुनेरा’ जहाजातून थेट ऑस्ट्रेलियाला पाठवलं. वर्षापूर्वी ज्यांच्यासाठी देणग्या गोळा केल्या त्यांनाच, सोळावा वाढदिवस उलटला म्हणून, काटेरी तारेआड बसवलं गेलं.

दरम्यान मुलांच्या धर्मावरून वाद पेटला होता. ज्यू मुलं ख्रिस्ती घरांत वाढत होती, काहींचा बाप्तिस्मा झाला होता. सॉलोमन शॉनफेल्ड या तरुण रब्बींच्या गटानं निर्वासित मुलांच्या संघटनेवर जाहीर टीका केली. मूल कोणत्या धर्मात वाढवायचं, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाला कायद्याशिवाय उत्तर नव्हतं. त्या दबावातूनच 1944 चा कायदा आला आणि त्या संघटनेचे अध्यक्ष असलेले गॉरेल पालक झाले. एका उमरावानं हजारो मुलांना ओळखणं शक्यच नव्हतं. रोजची देखभाल संघटनेच्या गावोगावच्या समित्याच करत राहिल्या. तरीही मला या व्यवस्थेचं महत्त्व वाटतं. मुलाच्या वतीनं उत्तर द्यायला एक नाव होतं, एक पत्ता होता, आणि ते नाव मुलाला देशात ठेवायचं की नाही हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं नव्हतं.

याच सुमारास आपल्या बाजूलाही एक उत्तर शोधलं जात होतं. सोव्हिएत संघानं सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललेली पोलिश कुटुंबं 1942 मध्ये इराणमार्गे बाहेर पडू लागली. त्यांतली पोरकी मुलं ट्रकनं खडतर प्रवास करून मुंबईला आली, काही काळ वांद्र्यात राहिली आणि मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे वसवलेल्या छावणीत गेली. मुलं जामसाहेबांना ‘बापू’ म्हणत. 1943 पासून कोल्हापूरशेजारी वळिवड्याला त्याहून कितीतरी मोठी छावणी उभी राहिली. तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित होते, बहुतेक बायका आणि मुलं. पंचगंगेच्या परिसरात पोलिश शाळा, चर्च, दवाखाना, स्काउटची पथकं असं एक आख्खं गाव नांदलं.

युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये सोव्हिएत संघाच्या मर्जीतलं सरकार बसलं आणि मुलं परत पाठवा, अशी मागणी आली. ज्या राजवटीनं या मुलांचे आईवडील मारले, तिच्या छायेत त्यांना परत धाडायचं का? बालाचडीच्या मुलांच्या आठवणींत आणि त्यावरच्या संशोधनात नोंद आहे की, जामसाहेब, छावणीचे धर्मगुरू फ्रान्सिशेक प्लुटा आणि ब्रिटिश संपर्क अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून मुलांना कायदेशीर दत्तक घेतलं आणि ही पाठवणी अडवली. लंडनमध्ये वादातून आणि विलंबानं जे झालं, ते काठेवाडात एका संस्थानिकानं, एका पाद्र्यानं आणि एका लष्करी अधिकाऱ्यानं गरज दिसताच केलं. 1946 मध्ये बालाचडी बंद झाल्यावर उरलेली मुलं वळिवड्यात आली. 1948 मध्ये वळिवडंही रिकामं झालं आणि त्या जागी फाळणीतून आलेले सिंधी निर्वासित राहायला आले. तेच आजचं गांधीनगर. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश माणसांचं स्मारक आहे.

1945 च्या ऑगस्टमध्ये छळछावण्यांतून वाचलेली तीनशे मुलं प्रागहून बॉम्बफेकी विमानांनी कार्लाइलजवळ उतरली आणि विंडरमियर सरोवराकाठच्या कामगार वसाहतीत राहिली. परवानगी एक हजार मुलांची होती, पण सोळा वर्षांखालची एवढी मुलं जिवंत सापडली नाहीत. सगळे मिळून 732 जण आले. त्यांतल्या काहींनी वय कमी सांगितलं होतं, हे त्यांनीच पुढे मोकळेपणानं सांगितलं. कागद कोणाकडेच नव्हते. उपासमारीनं अंगं इतकी खुरटली होती की, अठराचा मुलगा चौदाचा दिसे. तेव्हा त्यांना कोणी खोटारडं म्हटलं नाही. पंधरा आणि सोळा यांच्यातली रेघ जगलेल्या मुलासाठी नव्हती, फायलीसाठी होती, एवढं समजायला त्या दिवसांत फार डोकं लागत नव्हतं.

पुढची पन्नास वर्षं मी भरभर ओलांडतो. 1948 च्या बाल कायद्यानं निराधार मुलांची जबाबदारी स्थानिक काउन्सिलांवर टाकली, हे मोठं पाऊल होतं. 1951 चा निर्वासित करार मुख्यतः मोठ्या माणसासाठी लिहिला गेला. एकट्या मुलांच्या पालकत्वाचा उल्लेख परिषदेच्या अंतिम ठरावातल्या शिफारशीत गेला, कलमात आला नाही. हंगेरी, व्हिएतनाम असे लोंढे आले, तशा त्या त्या वेळच्या सोयी झाल्या. 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार आला. ब्रिटननं तो 1991 मध्ये स्वीकारला, पण परदेशातून येणाऱ्यांच्या बाबतीत हात राखून. ती सवलत सोडायला 2008 उजाडलं.

त्याच 1989 साली इंग्लंड आणि वेल्ससाठी नवा बाल कायदा झाला, आणि आजची व्यवस्था त्याच्या विसाव्या कलमावर उभी आहे. ज्या मुलाची पालकत्वाची जबाबदारी घेणारं कोणी नाही, त्याला राहायला जागा देणं हे त्या भागातल्या काउन्सिलचं कर्तव्य. मूल कुठून आलं, हे कलम विचारत नाही. ही त्या कायद्याची थोरवी. पण मूल जिथे सापडेल तिथल्या काउन्सिलवर भार, हा त्यातला अवघड भाग. हीथ्रो विमानतळ हिलिंग्डनमध्ये येतो. आश्रयाचे अर्ज घेणारी होम ऑफिसची म्हणजे गृहखात्याची इमारत क्रॉयडनमध्ये होती. डोव्हर बंदर केंटमध्ये येतं. सबंध देशाची जबाबदारी चार-दोन काउन्सिलांच्या अंदाजपत्रकात जाऊन बसली, आणि ती हलकी करण्याच्या वाटा शोधल्या गेल्या. एक वाट अशी होती की, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विसाव्या कलमाखाली न घेता सतराव्या कलमाखाली नुसती खोली आणि थोडे पैसे द्यायचे. तसं केलं की अठरानंतर त्याला ‘केअर लीव्हर’ (काउन्सिलच्या सांभाळातून बाहेर पडलेला तरुण) म्हणून मिळणारा आधार द्यावा लागत नसे. 2003 मध्ये हिलिंग्डनविरुद्धच्या निकालानं ही वाट मोठ्या प्रमाणात बंद केली. आज त्या निकालाच्या बळावर अशा मुलाला अठरानंतरही एक सल्लागार मिळतो, शिक्षणाचा आणि राहण्याचा आराखडा मिळतो, आणि 2017 च्या कायद्यानं हा आधार पंचवीस वर्षांपर्यंत नेला आहे. निर्वासित मुलांसाठी झालेल्या कामातलं हे सगळ्यांत टिकाऊ काम आहे, असं मी मानतो.

दुसरी वाट वयाची. मूल नाहीच, मोठा माणूस आहे, असं ठरलं की काउन्सिलचं कर्तव्य संपतं. त्यामुळे मुलाला पहिला प्रश्न ‘तुझं कोण आहे?’ हा न येता ‘तुझं वय किती?’ हा येऊ लागला. ज्या देशांत जन्मनोंदणी पोहोचलेली नाही, तिथल्या मुलाला पावसाळा किंवा मोठ्या भावाचं लग्न आठवतं, तारीख आठवत नाही. 2003 मध्येच मर्टन काउन्सिलविरुद्धच्या खटल्यात न्यायमूर्ती स्टॅनली बर्नटन यांनी नियम घालून दिले. वय केवळ चेहऱ्यावरून ठरवता येणार नाही. घर, शाळा, प्रवास यांबद्दल विचारा, शंका असेल तर ती मुलाला सांगून त्याचं म्हणणं ऐका, निर्णयाची कारणं द्या. 2009 मध्ये क्रॉयडन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, मूल असणं किंवा नसणं ही वस्तुस्थिती आहे, आणि वाद झाला तर ती न्यायालय स्वतः ठरवील. दातांच्या किंवा हाडांच्या एक्स-रेनं काम भागेल, हा मोह मात्र सुटत नाही. 2022 च्या कायद्यानं तो पुन्हा दाराशी आणला. बालरोगतज्ज्ञ कित्येक वर्षं सांगत आलेत की, अशा तपासण्यांचा अंदाज काही वर्षांनी चुकू शकतो. अठराच्या रेघेवर उभ्या असलेल्या मुलाला या चुकीची किंमत मोठ्या अनोळखी माणसांच्या खोलीत राहून मोजावी लागते.

या सगळ्यात 1944 ची ती एक गोष्ट, मुलाच्या वतीनं उत्तर देणारं एक नाव, हरवली. विसाव्या कलमाखाली काउन्सिल मुलाला सांभाळतं, पण आईवडिलांचा कायदेशीर अधिकार त्याच्याकडे आपोआप येत नाही. सोशल वर्कर असतो, तो बदलतो. वकील असतो, तो अर्जापुरता. मुलाखतीच्या वेळी शेजारी एक जबाबदार प्रौढ बसतो, तो त्या दिवसापुरता. 1994 मध्ये निर्वासितांसाठीच्या रेफ्युजी काउन्सिल या संस्थेत अशा मुलांसाठी सल्लागारांचं मंडळ सुरू झालं आणि त्यातल्या माणसांनी जीव ओतून काम केलं, पण पालकाचे अधिकार त्यांना नव्हते.

जबाबदार माणूस नसला की काय होतं, ते 2021 पासून दिसलं. छोट्या होड्यांतून येणारी मुलं वाढली, केंट काउन्सिलनं जागा नाही म्हणून मुलं घेणं थांबवलं, आणि होम ऑफिसनं ती स्वतःच हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. जानेवारी 2023 मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी संसदेत सांगितलं की, जुलै 2021 पासून हॉटेलांत ठेवलेल्या 4,600 मुलांपैकी मुलं नाहीशी होण्याचे 440 प्रसंग घडले आणि 200 मुलं अजून सापडलेली नाहीत. दोनशे मुलं. एखाद्या शाळेतून दोन मुलं नाहीशी झाली असती तर आईबाप रस्त्यावर उतरले असते. इथे उतरायला कोणाचे आईबाप नव्हते. त्याच वर्षी जुलैमध्ये न्यायमूर्ती चेंबरलेन यांनी ही नित्याची हॉटेल-व्यवस्था बेकायदा ठरवली आणि केंटनंही बाल कायदा मोडल्याचं निकालात म्हटलं. त्याच महिन्यात बातमी आली की, डोव्हरच्या स्वागत केंद्रात भिंतींवर रंगवलेली मिकी माउसची चित्रं जेनरिक यांच्या सांगण्यावरून पुसण्यात आली. ती फार प्रेमळ वाटत होती, म्हणून. प्रवासाच्या शेवटी पोहोचलेल्या मुलाला काय वाटावं, याचा एवढा स्पष्ट सरकारी निर्णय मी दुसरा वाचलेला नाही.

दुसऱ्या वाटा आहेत आणि त्या फार लांबच्याही नाहीत. स्कॉटलंडनं 2010 मध्ये पालक नेमण्याचा प्रयोग सुरू केला आणि 2023 मध्ये त्याला कायद्याचा आधार दिला. उत्तर आयर्लंडमध्येही स्वतंत्र पालक आहे. इटलीनं 2017 च्या झाम्पा कायद्यानं साध्या नागरिकांना प्रशिक्षण देऊन न्यायालयामार्फत एकेका मुलाचं स्वयंसेवी पालक केलं. अशा कायद्यांमुळे निवृत्त शिक्षिकाही एखाद्या गांबियन मुलाबरोबर शाळेत आणि कचेरीत जाऊ लागली. इंग्लंडमध्ये स्वतंत्र पालकाची सोय आहे ती मानवी तस्करीला बळी पडलेल्या मुलांसाठी. बाकीच्यांना ती नाही. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये पाच हजारांवर मुलांनी एकट्यानं आश्रय मागितला. तेवढ्या मुलांसाठी माणसं उभी करणं अवघड आहे, पण अशक्य नाही. 1938-39 मध्ये संगणकाविना, देणग्यांच्या जोरावर त्याहून दुप्पट मुलांसाठी घरं शोधली गेली होती.

आणि ज्यांच्या जागी पालक शोधायचा, ते आईवडील आज अनेकदा जिवंत असतात, फोनवर बोलतात. ब्रिटनमध्ये आश्रय मिळालेल्या मोठ्या माणसाला कित्येक वर्षं आपला जोडीदार आणि मुलं बोलावता येत होती. सप्टेंबर 2025 मध्ये सरकारनं तो मार्गही तात्पुरता थांबवला. एकट्या आलेल्या मुलाला मात्र आईवडील किंवा धाकटी भावंडं बोलावण्याचा हक्क त्या नियमांत कधीच नव्हता. तसा हक्क दिला तर लोक मुलांना पुढे पाठवतील, असं त्याचं कारण सांगितलं जातं. वकील कौटुंबिक जीवनाच्या हक्कावर बोट ठेवून एकेक प्रकरण लढवतात, आणि काही जिंकतातही. तोवर मुलाला अठरा पूर्ण झाली तर त्याची बाजू आणखी लंगडी होते.